गिऱ्हाईक नक्की कोणाचं?

एप्रिलमध्ये गूगलवर नुसतं 'देवगड हापूस' टाकून बघा. वरती ज्या जागा दिसतात त्यातल्या बऱ्याच 'प्रायोजित', म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या. या जागांचा लिलाव होतो आणि हंगामात सगळेच बोली लावायला उतरतात, म्हणजे भाव चढणारच. वाशीच्या आडत्याचं कमिशन वाचवायला जो बागायतदार ऑनलाइन आला, तो आता क्लिकचे पैसे मोजतोय. आडत्या निदान माल विकल्यावर पैसे कापायचा. इथे पेटी जावो न जावो, क्लिक झालं की पैसे गेले!

छोट्या उत्पादकांची सोशल मीडियाची कामं करतो, म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय. पूर्वी सल्ला सोपा होता: वेबसाइट काढा, चार चांगले लेख टाका, फेसबुक पेज चालवा. 'खरा हापूस कसा ओळखावा' असा लेख वाचायला माणूस साइटवर यायचा, खाली फोन नंबर दिसायचा, ऑर्डर व्हायची. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल अशा प्रश्नांना वरच्या वर एआयचं उत्तर देऊ लागलं. माहिती त्या लेखांमधलीच, पण वाचक तिथपर्यंत जातच नाही. ग्राहक म्हणून मलाही ते सोयीचं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नसेल तर पुढचा लेख तो कशाला लिहील?

फेसबुकचं तर जुनंच दुखणं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की फीडमध्ये मित्र-नातेवाइकांना आधी जागा, धंद्याच्या पेजेसना नंतर. वर्षानुवर्षं जमवलेले लाइक्स जागेवरच राहिले, पोस्ट मात्र पोचेना. पोचवायची तर पैसे भरून बूस्ट करा.

तरुण पोरं तर इन्स्टावरच शोधतात. तिथल्या रीलमध्ये आंबा कापणारे हात कोणाचे आणि त्याचे पैसे कोणी दिले, हे कळायला हवं. पैसे घेऊन केलेली जाहिरात स्पष्ट दिसेल अशी सांगा, हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका, असं सरकारनं जानेवारी २०२३ मध्येच सांगितलंय. पाळतात किती, ते तुम्हीच बघा.

यापेक्षा मला देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेची वाट पटते. २०२५ च्या हंगामापासून त्यांनी प्रत्येक फळावर वेगळ्या कोडचा स्टिकर आणला, व्हॉट्सअ‍ॅपवरून खरं-खोटं तपासता येतं. रीलपेक्षा हे बरं.

बागायतदारांना मी हल्ली सांगतो की पेटीत चिठ्ठी टाका, 'आमचा नंबर सेव्ह करा.' एकच मेसेज अनेकांना धाडायची व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी एका वेळी २५६ जणांची, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. गिऱ्हाइकानं तो सेव्ह केला नसेल तर पुढच्या वर्षी तुम्हाला त्याला पुन्हा गूगलच्या लिलावातूनच शोधावं लागेल.

अर्थात व्हॉट्सअ‍ॅपही फेसबुकवाल्या मेटा कंपनीचंच. जून २०२५ मध्ये तिथेही स्टेटसमध्ये जाहिराती येणार असं जाहीर झालं. म्हणून ग्राहकांची नावं आणि नंबर वहीतही उतरवून ठेवा म्हणतो.