आरोप सगळ्यांसमोर, मग माफी एकट्यालाच का?

गेल्या आठवड्यात आमच्या अकाउंट्समधल्या एका नव्या मुलाला रात्री नऊनंतर मेल आला. ‘दोनदा कळवूनही व्हेंडरचं बिल पास झालेलं नाही. कृपया लक्ष घालावे.’ सीसीमध्ये त्याचे साहेब, त्यांचे साहेब आणि फायनान्स हेड. पोरगा रात्री उशिरापर्यंत जुने मेल उपसत बसला. सकाळी कळलं, आधीचे दोन्ही मेल त्याच आडनावाच्या दुसऱ्याच माणसाला गेले होते. दोन अक्षरं टाइप केली की नाव आपोआप येतं, ते न बघता एंटर दाबला होता.

चूक कुणाचीही होते. मला राग आला तो पुढे जे झालं त्याचा. ‘सॉरी, गैरसमज झाला’ असा मेल आला, पण फक्त त्या मुलाला. सीसीतले तिघेही गायब! त्यांच्या लेखी हा मुलगा अजून बिलं दाबून ठेवणाराच आहे, आणि त्याचं अप्रेझल त्यांच्याच हातात आहे.

मॅनर्स म्हटलं की आपण ‘डिअर सर’ आणि ‘रिगार्ड्स’ बघतो. त्या मेलमध्ये ‘कृपया’सुद्धा होतं की!

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर कागदांमध्ये कार्बन घालून प्रती काढायचे, खालची प्रत फिकट होत जायची. त्यामुळे प्रत नक्की कुणाला हवी, हे आधी ठरवावं लागायचं. सरकारी पत्राच्या तळाशी आजही ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहितात. माहितीसाठी! धाक घालायला नव्हे.

काम अडलं की जीव कसा टांगणीला लागतो, हे मला माहीत आहे. सोळा वर्षं मीही बिलांच्या मागे धावते आहे. म्हणून ज्यांना मेल येतो त्यांनाही सांगते, ‘मिळालं, गुरुवारपर्यंत करतो’ एवढी एक ओळ टाका. आणि पाठवणाऱ्यांनो, दोन दिवस उत्तर नाही आलं तर आधी फोन करा. साहेबांना मध्ये घ्यायचंच असेल, तर त्या माणसाला तसं सांगून घ्या. (जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत सेटिंगमधून 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. आजच वाढवून ठेवा.)

तो मेल पाठवणाऱ्या मॅडमना मी फोन केला. म्हटलं, ‘मॅडम, तोच सॉरीचा मेल रिप्लाय ऑल करून पाठवाल का? त्या पोराचं नाव खराब झालंय हो.’ ‘बघते,’ म्हणाल्या.

आज चौथा दिवस. तो मुलगा अजून इनबॉक्स उघडून बघतोय.