करदातेसाहेब, विचारायचं कुणाला?

करदातेसाहेब, नमस्कार.

सरकारी इमारतींमधल्या पाट्या दिव्यांगांनाही वाचता याव्यात असं मी लिहिलं, त्यावर आपण बरंच आणि तिखट लिहिलंत. सही ‘एक करदाता’ अशी आहे, म्हणून हे संबोधन. आपले मुद्दे असे: ब्रेल वाचणारे किती, त्यांच्यासाठी दारोदार पाट्या लावणं म्हणजे लोकांच्या पैशांची उधळपट्टी. आधी रॅम्प, लिफ्ट, शौचालय करा, पाट्यांचं मग बघू. मोबाइल आहेतच. आणि शेवटी, ‘आपल्याकडे अजून माणुसकी आहे, कुणालाही विचारलं तरी हाताला धरून नेऊन सोडतात.’

हे माणुसकीचं आधी घेऊ, कारण बाकी सगळे मुद्दे त्याच्याच आधाराने उभे आहेत.

सकाळच्या गर्दीत सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायचा आहे. ज्याला दिसत नाही त्याने विचारायचं कुणाला? समोर वॉचमन बसलाय की खांब आहे, हे आधी कळायला हवं. विचारलंच, तर उत्तर मिळतं ‘ते काय तिकडे, तिसरी खिडकी’, आणि ‘तिकडे’ म्हणताना हात वर झालेला असतो. ज्याला ऐकू येत नाही त्याने खुणा करून विचारलं, तर तोंडावर मास्क लावलेली बाई काय बोलली हे त्याला कसं समजणार? शौचालयाचं तर बोलूच नका. एखाद्या अंध बाईने ‘लेडीज टॉयलेट कुठे आहे’ हे अनोळखी पुरुषाला विचारायचं, आणि त्याने ‘हाताला धरून’ तिला दारापर्यंत सोडायचं, यात मला तरी माणुसकीपेक्षा गैरसोय जास्त दिसते.

आणि दिव्यांग माणूस म्हणजे कधीतरी दाखल्यासाठी येणारा पाहुणा, असं आपण गृहीत धरलंय. कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. म्हणजे तो त्याच इमारतीत कारकून आहे, अधिकारी आहे. त्याने रोज नव्या शिपायाला रेकॉर्ड रूम कुठली ते विचारत फिरायचं का?

आता ब्रेल. ब्रेल येणारे कमी आहेत हे खरंच आहे. उतारवयात काचबिंदूने किंवा मधुमेहाने नजर गेली, तर साठीत कोण ब्रेल शिकायला बसतं? पण म्हणूनच मी ‘ब्रेलची पाटी’ एवढंच मागितलेलं नाही. दृष्टिदोष असलेल्यांपैकी बहुतेकांना थोडंबहुत दिसतं. त्यांना हवं असतं मोठं, ठळक अक्षर, मागे त्याच्या विरुद्ध रंग आणि चकाकी नसलेला पृष्ठभाग. आपल्याकडे मात्र सगळ्या आर्किटेक्टांचं प्रेम स्टीलच्या पट्टीवर कोरलेल्या अक्षरांवर. (मीही त्याच धंद्यातला, त्यामुळे हे घरचंच दुखणं.) वर ट्यूबलाइट लागली की ती पट्टी आरशासारखी चमकते आणि ‘उपविभागीय अधिकारी’ ही अक्षरं चांगल्या डोळ्यांनाही दिसेनाशी होतात. पाटीवर उठावाचे आकडे असले, तर ब्रेल न शिकलेला माणूसही बोट फिरवून खोली क्रमांक ओळखतो. जोडाक्षरं बोटाला जड जातात, आकडे जात नाहीत.

मध्यंतरी एका नव्याकोऱ्या प्रशासकीय इमारतीत गेलो होतो. तिथे प्रत्येक खोलीला ब्रेल आहे, उद्घाटनाच्या भाषणात त्याचा उल्लेखही झाला असणार. जवळ जाऊन बोट लावलं. ठिपके छापलेले! वरून गुळगुळीत ॲक्रिलिकची शीट. बोटाला काचेशिवाय काही लागत नाही. वरच्या मजल्यावर खरे, उठावाचे ठिपके होते, पण पाटी दाराच्या चौकटीच्या वर, माझा हात जेमतेम पोचेल एवढ्या उंचीवर. आणि एका ठिकाणी ती थेट दाराच्या फळीवर. तिथे उभं राहून कुणी बोटांनी वाचत असताना आतून दार उघडलं, तर नाक फुटायचं. अशी पाटी दाराच्या कडीकडच्या बाजूला, भिंतीवर लावतात, खांद्याच्या आसपास, सगळ्या मजल्यांवर एकाच उंचीवर. मग हात आपोआप तिथे जातो. आपण ज्याला उधळपट्टी म्हणता, ती मला इथे दिसली. पैसे पूर्ण खर्च झाले आणि वाचणारा एकही नाही.

‘आधी रॅम्प’ म्हणता, तर रॅम्प आहे हो. पण तो मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीशेजारी, आणि पुढच्या दहा पायऱ्यांपाशी त्याचा साधा बाणसुद्धा नाही. व्हीलचेअरवरचा माणूस पायऱ्यांखाली थांबतो, बरोबरच्याला आत पिटाळतो, तो विचारून येतो, मग सगळी वरात इमारतीला वळसा घालून मागे जाते. तो बाण रॅम्पचाच भाग धरायला हवा. लिफ्टचंही तेच: मजला कुठला आला हे बोलून सांगितलं नाही आणि दार उघडल्यावर समोरच्या भिंतीवर मजल्याचा मोठा आकडा नसला, तर माणूस भलत्याच मजल्यावर उतरतो.

पाटी डोळ्यांनीच वाचायची, असंही काही नाही. मुंबईत लोकलच्या फलाटांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप-बीप वाजणारं यंत्र असतं, तीही पाटीच. पायाखालच्या पिवळ्या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या गेल्या. त्यात उभ्या पट्ट्या म्हणजे ‘चालत राहा’, गोल ठिपके म्हणजे ‘थांब, पुढे जिना, वळण किंवा धोका’. आपल्याकडे गवंड्याला हे कुणी सांगत नाही. जी फरशी गोडाऊनमध्ये उरलेली असते, ती लागते.

पैशांआधी कायद्याचं बोलू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला तिथून पाच वर्षं दिली होती. ती २०२२ मध्ये संपली. नव्या इमारतीला तर हे निकष पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाच द्यायचा नाही, असं कायदा म्हणतो. राजीव रतूडी या अंध गृहस्थांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने त्या नियमांतला सुगमतेच्या निकषांचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण जे कायद्याने सक्तीचं केलंय ते या नियमाने नुसत्या शिफारशीवर आणून ठेवलं होतं. सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा, असा आदेश केंद्राला दिला. तेव्हा ‘मग बघू’ म्हणायची सोय आता कायद्यातही उरलेली नाही.

आणि पाटी महाग नाही. एका लिफ्टच्या पैशांत अख्ख्या इमारतीच्या पाट्या होऊन चहापाण्याला उरतील. अडचण वेगळीच असते. एस्टिमेटमध्ये पाट्या सगळ्यात शेवटी येतात, तोवर पैसे संपलेले असतात, मग कंत्राटदार ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडून छापून आणतो. महापालिका-नगरपालिकांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, तोही आहेच. मनावर घेतलं तर पाट्या बदलतात. दुकानांच्या मराठी पाट्यांचं आठवा: २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, आणि पालिकेची माणसं अक्षरांची उंची तपासत दुकानोदुकानी फिरली. तीच पट्टी घेऊन त्यांनी एकदा स्वतःच्या कचेरीतही फिरावं.

मोबाइलचा मुद्दा थोडक्यात. इमारतीच्या आत नकाशाचं ॲप खोली क्रमांक २१४ पर्यंत नेत नाही. क्यूआर कोड लावले तर उपयोग आहे, पण तो भिंतीवर नेमका कुठे आहे हे बोटाला कळायला त्याच्याभोवती उठावाची चौकट लागते आणि जागा ठरलेली लागते.

‘मग नुसतं लिहून काय होणार’ असंही आपण विचारलंत. आपल्या भागातल्या कचेरीत, दवाखान्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दखल घेतली नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे तक्रार करता येते. कायद्यात पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख. अर्जात सगळं एकदम मागू नका. आधी रॅम्पकडचा बाण आणि मजल्यांचे मोठे आकडे मागा. त्यांना टेंडरही लागत नाही, कार्यालयाच्या किरकोळ खर्चात बसतात.