एक बाइट मागे: निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली, पण उत्तराला चार दिवस लागले. त्यातला एक मुद्दा तपासून बघायचा होता. तो तुमचाच बरोबर निघाला, म्हणून आधी तोच घेतो.

मागचा लेख इंटेलच्या प्रोसेसरवरच्या ब्रेकपॉइंटवर होता, म्हणजे चालता प्रोग्रॅम हव्या त्या सूचनेवर (इन्स्ट्रक्शनवर) थांबवण्यावर. 'सगळे ब्रेकपॉइंट ट्रॅप असतात', म्हणजे सूचना चालून झाल्यावर थांबवतात, असं मी त्यात ठोकून दिलं होतं. ते चूक. इंट ३, म्हणजे कोडमध्ये बसवायचा सीसी हा एक बाइट, ट्रॅप आहे. पण डीआर० ते डीआर३ या चार रजिस्टरांपैकी एकात पत्ता भरून एखाद्या सूचनेवर हार्डवेअर ब्रेकपॉइंट लावला, तर तो फॉल्ट. सूचना चालायच्या आधीच प्रोसेसर थांबतो आणि स्टॅकवर परतीचा पत्ता म्हणून त्याच सूचनेचा पत्ता ठेवतो. तसंच परतलं तर पुन्हा तिथेच अडकणार, म्हणून आरएफ फ्लॅग लावून परतायचं, की तेवढ्या एका सूचनेपुरता प्रोसेसर ब्रेकपॉइंटकडे काणाडोळा करतो. त्याच रजिस्टरातून डेटावर पाळत ठेवली तर मात्र ट्रॅप. लेखात दुरुस्ती केलीय.

'ब्रेकपॉइंट हा इंटरप्ट नव्हेच, एक्सेप्शन आहे' हे तुमचं म्हणणंही काटेकोर बोलायचं तर खरं: इंटरप्ट टायमर-कीबोर्डसारख्या बाहेरच्या उपकरणाकडून येतो, एक्सेप्शन सूचना चालवताना प्रोसेसरमध्येच उठतं. पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला बसलेल्या पोराला दोन्हींसाठी तीच २५६ नोंदींची आयडीटी भरावी लागते, म्हणजे कशासाठी कुठला हँडलर (ते हाताळणारा कोड) चालवायचा याचा तक्ता. ० ते ३१ प्रोसेसरच्या स्वतःच्या, पुढच्या टायमर-कीबोर्डसाठी मोकळ्या. म्हणून एकत्र घेतलं. इंटरप्टसाठी दिलेलं दुसऱ्या रेल्वे गेटचं उदाहरण तुम्हाला पोरकट वाटलं, पण बेळगावच्या टिळकवाडीत रोज तिथे गाडी बंद करून उभं राहिल्यावर दुसरं काय सुचणार? टायमरला ते चपखल बसतं: रेल्वे तिच्या वेळेला येणार, गेट उघडलं की आपण होतो तिथूनच पुढे. ब्रेकपॉइंट म्हणजे भर रस्त्यात आपणच गाडी लावून उतरणं. हा फरक लेखात यायला हवा होता.

आता तिसरा मुद्दा. 'आरआयपीतून एक वजा करणं हे जुगाड आहे, नीट लिहिलेल्या हँडलरला ते लागत नाही.' आरआयपी म्हणजे पुढची सूचना कुठल्या पत्त्यावर ते सांगणारं रजिस्टर. हे मला पटत नाही. एआरएम प्रोसेसरवर ब्रेक सूचनेचा स्वतःचाच पत्ता हातात येतो, तिथली सवय असेल तर असं वाटणं साहजिक आहे. इंटेलवर सीसी हा एक बाइट चालून झालेला असतो आणि स्टॅकवर पुढच्या बाइटचा पत्ता असतो; मूळ बाइट परत ठेवून ती सूचना चालवायची, तर एक बाइट मागे यावंच लागतं.

ही वजाबाकी मी स्वतः विसरलो होतो, हौस म्हणून लिहिलेल्या माझ्या कर्नलमध्ये. ब्रेकपॉइंट होता ४८ ८९ ई५ या तीन बाइटच्या सूचनेवर: आरएसपी रजिस्टरातलं आरबीपी रजिस्टरात ठेवायचं. ४८ च्या जागी सीसी बसवला, थांबलो, ४८ जागेवर ठेवला आणि परतलो. प्रोसेसरने वाचलं नुसतं ८९ ई५. ही सूचना अवैध असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण तीही चालते! ईएसपीतलं ईबीपीत, म्हणजे तेच काम ३२ बिटांत, आणि आरबीपीचे वरचे ३२ बिट शून्य. कर्नल खालच्या मेमरीत होता तोवर ते बिट शून्यच असायचे, त्यामुळे सगळं ठणठणीत. पुढे कर्नल वरच्या पत्त्यांवर नेला, हेक्समध्ये आठ एफ पासून सुरू होणाऱ्या, आणि पहिल्याच ब्रेकपॉइंटनंतर पेज फॉल्ट, म्हणजे त्या पत्त्यावर मेमरीच जोडलेली नाही. फॉल्ट आणणारा पत्ता सीआर२ रजिस्टरात असतो; तिथे बघतो तर पत्ता ओळखीचा, फक्त पुढचे आठ एफ गायब. दोन रात्री मी पेजिंगचाच कोड उकरत बसलो होतो. चूक तिथे नव्हतीच.

'इंटरप्ट' ऐवजी 'व्यत्यय' लिहा म्हणता. इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांचे पेपर इंग्रजीत, बसमध्ये कन्नड, घरात मराठी. ती म्हणतात, 'सर, इंटरप्ट यायलाय, पण हँडलर चालंना.' मी त्यांच्यासाठी लिहितो.

राहता राहिला तुमचा प्रश्न: आयडीटीतल्या ३ नंबरच्या (ब्रेकपॉइंटच्या) नोंदीचा डीपीएल ३ कशाला? डीपीएल म्हणजे ती नोंद सूचनेने बोलवायला किती अधिकार लागतो ते: ० म्हणजे फक्त कर्नल, ३ म्हणजे युजर प्रोग्रॅमही. तो ० ठेवला तर युजर प्रोग्रॅममधला सीसी तुमच्या ब्रेकपॉइंट हँडलरपर्यंत पोचतच नाही, थेट १३ नंबरचा जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. आणि तो फॉल्ट असल्यामुळे पत्ता सीसीचाच असतो. तिथे एक वजा केलंत, तर आधीच्या सूचनेच्या पोटात शिराल.