भिंतीबाहेरची मुलगी

काल रात्री दोनला अमेरिकन लेखिका ऑक्टाव्हिया बटलरची कादंबरी 'पॅरेबल ऑफ द सोअर' संपवली. इकडे जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात लाईट गेली होती, शेवटची पन्नास पानं मोबाईलच्या टॉर्चवर वाचली. सकाळपासून त्यातली मुलगी डोक्यातून जात नाहीये.

कादंबरी १९९३ ची, पण गोष्ट सुरू होते जुलै २०२४ मध्ये. बाईंनी लिहिलेल्या भविष्यकाळाची ती सुरुवात आपण जगून मागे टाकली. कॅलिफोर्नियात पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालंय, ज्यांना जमतं ते वस्तीला भिंत घालून राहतायत. लॉरेन ओलामिना पंधरा वर्षांची. समोरच्याला वेदना होताना दिसल्या की तिच्या अंगात कळ उठते. हे जगाला कळलं तर आपण संपलो, म्हणून ती ते लपवून ठेवते. पुढे भिंत फुटते, घर जळतं आणि ती पुरुषाचे कपडे घालून हायवेने उत्तरेकडे चालू लागते.

समाजाने बाहेर टाकलेला नायक एकट्याच्या हिमतीवर तगतो, असं बऱ्याच गोष्टींत असतं. मला ते कधी पटलं नाही. लॉरेन भिंत शाबूत असतानाच शिकून घेते की रानातलं काय खाता येतं. तिच्या घरात ओकच्या फळांच्या पिठाची भाकरी होते. पळायच्या पिशवीत ती बियाणं भरून ठेवते आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांना सोबत घेत जाते. ती तगते ती यामुळे.

वाचताना सारखी आजी आठवत होती. तिचं गाव पारोळा तालुक्यात, बोरीच्या काठी. १९७२ च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायची आणि रात्री पाण्याला जायचं. गावाबाहेर पारध्यांची पालं होती. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारधीही त्यात आले. कायदा १९५२ ला गेला, पालं मात्र शिवेबाहेरच राहिली. एका पहाटे त्यांच्यातली एक बाई कोरड्या पात्रात वाळूवर तळहात टेकवत चालली होती. एका जागी थांबली आणि आजीला म्हणाली, "माय, आठे खंद. आठे पानी लागी." हात-दीड हातावर ओल लागली, मग झिरा पाझरला. आजीने वाटी-वाटीने हंडा भरला, दोन तास. ती बाई लांब बसून राहिली. आमच्या घरी त्या लोकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची रीत होती. हे सांगताना आजी दरवेळी इथेच गप्प व्हायची.

त्या बाईला ते ज्ञान हौसेने मिळालेलं नव्हतं. गावाच्या विहिरीवर तिला जागा नव्हती, म्हणून तिला वाळू वाचायला शिकावं लागलं. आपल्याला ज्या संकटाची भीती वाटते, त्यात तिच्या कित्येक पिढ्या राहून गेल्यात.

मराठीत उद्याच्या जगाची अशी कादंबरी कुणीतरी लिहावी, आणि ती खानदेशात घडावी, असं मला फार मनापासून वाटतं. मालमसाला शोधायला लांब जावं लागणार नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसवर जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा बझाडा पट्टा आहे, तिथे मुरलेल्या पाण्यावर चोपडा, यावल, रावेरच्या केळीबागा उभ्या आहेत. मुरतं त्यापेक्षा आपण जास्त उपसतो, म्हणून दर काही वर्षांनी ट्यूबवेल आणखी खोल न्यावी लागते. ते पाणी संपेल तेव्हा बागायतदाराच्या बंगल्यातून नायक काढू नका. ती पालातली मुलगी असू द्या, नाहीतर सातपुड्यातली पावरा आदिवासी मुलगी, जिला मोहाची फुलं वाळवून वर्षभर कशी पुरवायची ते माहीत आहे. आणि तिला फक्त वाटाड्या करून बाजूला बसवू नका. गोष्ट तिच्या तोंडून येऊ द्या, तिचा रागही त्यात येऊ द्या.

पुस्तक माझ्याकडे आहे. इंग्रजी सोपं आहे. चोपडा-अमळनेरकडच्या कुणाला हवं असेल तर सांगा, मी आणून देईन.