एसी निर्दोष आहे, खोकत चढलो तो मी

परवा बहिणीला आणायला मोपाच्या विमानतळावर गेलो होतो. नाकाला रुमाल लावूनच बाहेर आली आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "विमानातल्या एसीने घसा धरला बघ." मी गप्प राहिलो. दोन वर्षांपूर्वी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मीही अगदी हेच म्हणत उतरलो होतो, आणि त्या वाक्याची किंमत आमच्या काकीने मोजली.

तेव्हा दिल्लीहून येत होतो. निघायच्या आदल्या दिवसापासून अंग कसकसत होतं, नाक वाहत होतं. तिकीट चवथीच्या भावाचं, बदलायचं म्हटलं तर नवीन काढल्याइतका खर्च. शिवाय चवथीला घरी नाही म्हणजे काय, हे गोंयकाराला समजावून सांगायला नको. गोळी घेतली, ताप उतरला, चढलो. अडीच तास शेजारच्या मुलीच्या बाजूला खोकलो. मास्क बॅगेत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सक्ती उठली तेव्हापासून बॅगेतच होता.

घरी काकीने पाहिल्या पाहिल्या निदान केलं, "एसीचो वारो बाधलो तुका," आणि आल्या-मिऱ्याचा काढा हातात दिला. संध्याकाळी आम्ही दोघं माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची आरास, बांधायला बसलो. सुपारीचा घड मी धरायचा, केवणीचा दोर ती ओढायची. नाक पुसायचं, त्याच हाताने दोराचं टोक तिच्याकडे द्यायचं, असं तासभर चाललं. तिचं वय ८१. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, सहाव्या दिवशी धाप लागली आणि पुढचा आठवडा तिने ऑक्सिजनवर काढला. विसर्जनाला घरातली अर्धी माणसं हॉस्पिटलच्या बाकावर होती. काकी वाचली. पण आजही दोष देते तो वाऱ्यालाच, मला नाही.

त्यानंतर या विषयावर बरंच वाचलं. पहिली गोष्ट म्हणजे विमानातल्या हवेची आपण उगाच बदनामी करतो. मोठ्या जेट विमानांत केबिनमधली हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते. त्यातली जवळपास निम्मी बाहेरून आलेली असते आणि उरलेली बहुतेक विमानांत हेपा फिल्टरमधून गाळून येते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. हवा वरून येते आणि बाजूला पायाशी खेचली जाते, त्यामुळे विसाव्या रांगेतल्याची शिंक तिसऱ्या रांगेत सहसा पोहोचत नाही. धोका असतो तो आपल्याच रांगेतल्या आणि दोनेक रांगा मागच्या-पुढच्या माणसाचा. डोक्यावरचं गोल नोझल लोक बसल्या बसल्या पिरगळून बंद करतात, मीही करायचो. ते उघडंच ठेवावं, तोंडावर नको असेल तर जरा पुढे वळवावं.

हवा कोरडी असते हे मात्र खरं. आर्द्रता १०-२० टक्के. आपण पावसाळ्यात भिंतीला बुरशी येणाऱ्या घरातली माणसं, आपल्या नाकाला ती झोंबणारच. पाणी पीत राहावं, लांबच्या प्रवासात सलाइनचे थेंब नाकात टाकावेत. पण कोरडा घसा म्हणजे संसर्ग नव्हे. फ्लू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात. म्हणजे उतरता उतरता ज्याला ताप आहे, त्याने तो विमानात घेतलेला नसतो, तो घेऊनच चढलेला असतो. बहिणीला गाडीत हेच सांगणार होतो, पण तिच्यासोबत चार तास एकाच घरात काढायचे होते.

विमान थांबलेलं असतं तेव्हाचं चित्र वेगळं. मार्च १९७७ मध्ये अलास्कातल्या होमरला इंजिनाच्या बिघाडामुळे एक विमान तीन तास जमिनीवर अडकलं होतं. हवेची यंत्रणा बंद, आत एक तापाने फणफणलेली प्रवासी. तीन दिवसांत त्या विमानातले ७२ टक्के लोक आजारी पडले. तेव्हा धावपट्टीवर विमान खोळंबलं आणि वरचा वारा थांबला, तर मास्क त्याच वेळी लावावा. आपण नेमका तो तेव्हा काढतो, गुदमरतं म्हणून.

तसं पाहिलं तर मुंबई-गोवा प्रवासात हवेत असतो सव्वा तास. बाकीचा वेळ रांगांत जातो, आणि मग त्या बसमध्ये, जी आपल्याला विमानापर्यंत नेते. कदंबाच्या म्हापसा-पणजी शटल बसमध्ये दाटी असते, पण तिथे निदान खिडकी सरकवता येते. इथे काचा बंद, एकमेकांच्या मानेवर श्वास. विमान टेकताच उठून वाकड्या मानेने मधल्या वाटेत दहा मिनिटं उभं राहायचा आपला राष्ट्रीय छंद आहेच. हेलसिंकीच्या विमानतळावर संशोधकांनी पृष्ठभाग तपासले तेव्हा श्वसनाचे विषाणू सर्वाधिक सापडले ते सुरक्षा तपासणीच्या प्लास्टिक ट्रेंवर. टॉयलेटमध्ये सापडले नाहीत. आपण टॉयलेटच्या दाराला कोपराने ढकलतो आणि ट्रेमधून मोबाइल उचलून सरळ कानाला लावतो!

माझं म्हणणं एवढंच की मास्क निरोग्याने लावण्यापेक्षा आजाऱ्याने लावण्यात जास्त फायदा आहे, आणि आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. धडधाकट माणूस एन-९५ बांधून बसतो, आणि खोकणाऱ्याला वाटतं, लावला तर लोक काय म्हणतील. क्रोसिनने ताप उतरतो, विषाणू उतरत नाही. फ्लूचा माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस विषाणू इतरांना वाटत फिरत असतो. केमिस्टकडून आणलेल्या अँटिबायोटिकचा विषाणूवर काडीचाही परिणाम नाही. नाक चोंदलं असताना उडालात तर उतरताना कानात जी कळ येते ती वेगळीच.

आणि आपली चवथ येते कधी? ऑगस्ट-सप्टेंबरात. देशात फ्लूची एक लाट जानेवारी ते मार्च, दुसरी याच पावसाळी दिवसांत. दुबई, बंगळुरू, मुंबईहून सगळे एकाच आठवड्यात येतात आणि सरळ घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडतात. काकीला आता दरवर्षी फ्लूची लस देतो, चवथीच्या महिनाभर आधी, कारण अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. मीही घेतो.

यंदा बंगळुरूच्या पुतण्याचा आदल्या रात्री फोन आला, आवाज बसलेला. म्हटलं, येऊ नकोस, बरा झालास की ये. घरात वादळ उठलं. "चवथीला येऊ नको म्हणणारा तू पहिलाच," असं वहिनी म्हणाली, आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याने आरती व्हिडिओ कॉलवर पाहिली, तीही अर्धीच, आमच्या वाड्यावर रेंज जाते. काकीने त्याच्यासाठी नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा बाजूला काढून ठेवला होता. तो आठ दिवसांनी आला तोवर नेवऱ्या सादळल्या होत्या. त्याने तशाच खाल्ल्या.