कुत्र्याच्या टेबलावर कुत्र्याचे केस, म्हणून रिटर्न नाही!

डोकं फिरलंय माझं. कुत्र्याचं ग्रूमिंग टेबल, म्हणजे ब्रश करताना त्याला उभं करायचं टेबल, त्याच्या रबर मॅटवर कुत्र्याचे केस दिसतायत, म्हणून ते "यूज्ड" आहे, म्हणून परत घेणार नाही. आज सकाळी कस्टमर केअरच्या मुलीने हे चार वेळा ऐकवलं मला, दर वेळी आधी सॉरी मॅम. अगं मग टेबल कसं आहे ते बघायला त्याच्यावर ठेवायचं काय होतं मी, कुकर? फोटो मागितले म्हणून मीच पाठवले, वाकलेल्या पायाचा, निसटलेल्या पिनेचा, आणि त्यांना त्यात दिसलं काय तर केस. घरात गोल्डन रिट्रीव्हर असलेल्या कुणालाही विचारा, टेबल खोक्यातून काढून उभं करेपर्यंत त्याच्यावर केस येऊन बसलेले असतात.

मग तिचा कुणी सीनियर लाईनवर आला. तो म्हणाला, "मॅम, पेटने जास्त हालचाल केली असणार. १५० किलो कपॅसिटी ही स्टॅटिक लोडची असते." स्टॅटिक! हे त्या पेजवर कुठे लिहिलंय? तिथे मोठ्या अक्षरात हेवी ड्यूटी, १५० किलो, सर्व जातींसाठी. भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, तो मधोमध ठेवला की तो आपला गपगुमान उभा राहतो, तुमचं टेबल पास. पण कुत्रा म्हणजे सिलिंडर नाही ना रे बाबा! तो अंग झटकतो, मागचा पंजा उचलला की उरलेल्या तीन पायांवर भार टाकतो, खाली स्कूटर वाजली की वळून बघतो. कुत्र्याचं ६० टक्के वजन तर नुसतं उभं असतानाच पुढच्या पायांवर असतं, तो एका कोपऱ्याकडे झुकला की बरंचसं टेबलाच्या त्या एका पायावर जातं. हालचाल न करणाऱ्या कुत्र्यासाठी टेबल विकताय का तुम्ही?

शनिवारी काय झालं ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. गोट्या नऊ वर्षांचा आहे, ३६ किलो, कंबर आता थोडी धरते त्याची. बिचारा स्वतःहून पुढचे पाय टेबलावर ठेवून उभा राहिला, मी मागून उचलून घेतला, पट्टा आर्मला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या दांड्याला लावला, कानामागचा गुंता सोडवायला घेतला. दहा मिनिटं झाली नसतील. त्याने शिंक दिली. नुसती शिंक! टेबलाच्या पुढच्या डाव्या पायातली स्प्रिंगची पिन भोकातून आत गेली, आतला पाईप बाहेरच्यात सरकला आणि तो कोपरा खाली बसला. त्याचे पंजे घसरले आणि गळ्यातला पट्टा आवळला. मी ब्रश टाकून त्याला छातीशी उचलून धरला, एका हाताने क्लिप काढायला गेले तर ती निघेना, कारण त्याचं उरलेलं वजन तिच्यावर. नवरा आतून धावत आला म्हणून बरं. मी पट्टा लावून एक पाऊल लांब जात नाही कधी, फोन वाजला तरी नाही. मी चहाचं बघायला आत गेले असते तर काय झालं असतं, ते मला लिहायचंसुद्धा नाहीये. आणि हे लोक मला केस दाखवतायत.

आणि तो "ॲडजस्टेबल" शब्द! दोन वर्षांपूर्वी पहिलं टेबल घेतलं तेव्हा ॲडजस्टेबल काय होतं, तर वरचा आर्म. टेबलाची उंची फिक्स, ३० इंच. आता गोल्डन नर खांद्याला २३-२४ इंच असतो, मी पाच फूट एक इंच, म्हणजे त्याची पाठ माझ्या हनुवटीला. हात खांद्याच्या वर धरून अंडरकोट, म्हणजे आतले मऊ केस, काढा तासभर, मग मान धरली तर सांगा. पाठ आणि मान करताना टेबल खाली हवं, पोट आणि पंजे करताना वर हवं, म्हणून तर जास्तीचे पैसे मोजायचे ना ॲडजस्टेबलला? या वेळेला लिहिलं होतं २२ ते ३४ इंच. घरी टेप लावला तर सगळ्यात खालच्या भोकात २७! आणि पाय एकात एक सरकणाऱ्या पाईपचे, म्हणजे आत थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहणारच, तो खाली जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट वर जाणवतो. चार पाय चार बाजूंना सुटे, खाली आडवी पट्टी नाही, तिरका सपोर्ट नाही. तीन आकडी किलो छापायला जेवढी शाई लागली त्यात दोन पट्ट्या वेल्ड झाल्या असत्या. वरचा पृष्ठभाग एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा, पाणी लागलं की कडा फुगणार, आणि विकताय अंघोळीनंतर ओलं कुत्रं उभं करायला. हायड्रॉलिक टेबल चांगलं असतं मला माहितीये, पायाने पंप मारला की वर, पण पाच आकडी किंमत घरच्या एका कुत्र्यासाठी कुठून आणू?

रिव्ह्यू वाचूनच घेतलं होतं. "पॅकिंग उत्तम, अजून वापरलं नाही," पाच स्टार. "डिलिव्हरी वेळेत," पाच स्टार. अरे वापरलं नाहीस तर लिहितोस कशाला? आणि फोटोत कायम तो पांढरा टॉय पूडल, दोन-तीन किलोचा. त्याला पाटावर उभा केला तरी पाट हलणार नाही. एकदा तरी लॅब उभा करून दाखवा, तोही हलताना!

कुणी म्हणेल पार्लरला का नेत नाही. नेलं होतं. चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, फक्त पंजे आणि नखं सांगितली होती, परत दिला तर अख्ख्या अंगावर मशीन फिरवलेलं. न विचारता! "उन्हाळा आहे ना, गार वाटेल त्याला." डबल कोटचा, म्हणजे केसांच्या दोन थरांचा कुत्रा आहे तो, वरचे केस त्याला उन्हापासूनच वाचवतात, हे ज्याला माहीत नाही त्याने दुकान का उघडावं? मागच्या मांड्यांवरचे केस अजून पहिल्यासारखे आलेले नाहीत. त्या दिवशी ठरवलं की याच्या अंगाला परका हात नाही. आणि शेजारच्या काकू आहेतच, रोज गॅलरीतून, "कुत्र्याला कसलं गं टेबल, फरशीवर बसव की." काकू, ते पहिलं टेबल जमेना म्हणून दोन वर्षं फरशीवरच बसतेय मी, माझे गुडघे विचारा. आणि ते २० किलोचं खोकं गेटवर टाकून गेलेला डिलिव्हरीवाला, लिफ्ट बंद, तीन मजले, ते राहिलंच.

सोडणार नाहीये मी. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सरळ सांगतात, माल खराब असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. २२ इंच सांगून २७ दिलंय, टेपसकट फोटो आहे माझ्याकडे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल गेलाय, ४८ तासांत पोच द्यायला लागते त्याला, नाही आली तर ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला फोन. पैसे नाहीत मागत नुसते. ते पेज खाली घ्या, कुणाच्या तरी घरी कुणीतरी पट्टा लावून आत जाईल.

काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्या दादांकडे जाऊन आले. त्यांनी एकच विचारलं, "ताई, कुत्रा उडी मारतो का?" इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस. दीड इंची चौकोनी पाईप, १६ गेज जाडीचा, खाली चारही बाजूंनी पट्टी, आणि उंचीला भोकांमधून आरपार बोल्ट, स्प्रिंगची पिन नाही. वर मरीन प्लाय आणि मॅट. तीनच उंच्या मिळतील, बदलताना पाना लागेल. चालेल. पण आधी ते रिकामं टेबल मी दोन्ही हातांनी हिसडून बघणार, मग स्वतः वर उभी राहणार, मग गोट्या. हे मी याही वेळी करायला हवं होतं. नाही केलं, घाई केली, ते माझं.

त्याच्या उजव्या कानामागचा गुंता तसाच आहे. आज दुपारी ब्रश हातात घेतला आणि गोट्या उठून डायनिंग टेबलाखाली जाऊन बसला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ब्रश दिसला की शेपटी हलवत येऊन आडवा पडायचा तो माझ्यापुढे. मी पण मग खाली सरकून त्याच्या शेजारी बसले, ब्रश बाहेरच ठेवला.