जुनी ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल आणि भंगाराची भीती

विदर्भातल्या अनेक गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेली, म्हणजे ड्युअल-स्पोर्ट, जुनी मोटारसायकल कोणीही विकत घेऊ नये, असे त्यात बजावले आहे. कारणे अशी दिली आहेत : पंधरा वर्षे झाली की गाडी जप्त होते आणि पंपावर पेट्रोल मिळत नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे कार्बोरेटर आणि इंजिन सडते, मॉडेल बंद झाल्यामुळे पार्ट मिळत नाहीत, आपल्याकडच्या उन्हात हवेने थंड होणारे इंजिन जाम होते, आणि जुन्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसल्यामुळे ती जिवावर बेतते. यातले शेवटचे कारण महामार्गापुरते खरे आहे, दुसरे अर्धे खरे आहे आणि उरलेली तीन चुकीची आहेत.

ज्यांचे वावर पांदणीच्या टोकाला आहे, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न हौसेचा नाही. पावसाळ्यात काळी माती साध्या गाडीच्या खाली बसवलेल्या मडगार्डमध्ये ठासून भरते आणि पुढचे चाक फिरेनासे होते. उंच मडगार्ड, जमिनीपासून बऱ्यापैकी वर असलेले इंजिन आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत टिकणारे लांब शॉकअप असलेली गाडी तिथून निघते. अशी नवी गाडी दीड लाखाच्या घरात जाते, त्यामुळे अनेकांना जुनीच परवडते आणि म्हणूनच तिच्याबद्दलची खोटी भीती दूर करणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा पंधरा वर्षांचा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 41 नुसार खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी गाडी आरटीओकडे नेऊन दाखवावी लागते, शुल्क आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी चालू लागते. हा सगळा खर्च आणि खटाटोप आहे, पण जप्ती नाही. संदेशातली पेट्रोलबंदी ही दिल्लीची गोष्ट आहे. तिथे 1 जुलै 2025 पासून मुदत संपलेल्या गाड्यांना इंधन न देण्याचा आदेश लागू झाला होता आणि तोही काही दिवसांतच स्थगित ठेवावा लागला. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील गाड्या मोडीत काढण्याची सक्ती झाली ती सरकारी मालकीच्या गाड्यांना. यातला कोणताही नियम वणी, आर्वी किंवा धारणीच्या शेतकऱ्याच्या दुचाकीला लागू होत नाही. हिरोची इम्पल्स ही अशीच ड्युअल-स्पोर्ट गाडी 2011 मध्ये बाजारात आली, म्हणजे तिच्या पहिल्या गाड्यांच्या नोंदणीची मुदत 2026 च्या सुमारास संपते आणि नेमक्या याच वेळी घाबरून लोक चांगल्या गाड्या भंगाराच्या भावाने देऊन टाकत असतील, तर या संदेशाने त्यांचे प्रत्यक्ष नुकसान केले आहे.

इथेनॉलचा मुद्दा अधिक बारकाईने पाहिला पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही, जुन्या धाटणीच्या दुचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणामुळे तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे म्हटले आहे. शिवाय फ्युएल इंजेक्शनची नवी गाडी सेन्सरच्या आधारे इंधनाचे प्रमाण थोडेफार सावरून घेते, तशी सोय कार्बोरेटरला नसते. तेव्हा मायलेज थोडे घटते आणि सकाळी गाडी थोडी उशिरा उचलते, हे मान्यच करायला हवे. पण यातून इंजिन सडते असा निष्कर्ष निघत नाही.

नुकसान होते ते गाडी उभी राहिल्यावर. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी महिना-दोन महिने गोठ्यात उभी राहिली की पाणी तळाशी बसते, लोखंडी टाकी आतून गंजते आणि तो गंज पेट्रोल कॉकमधून खाली उतरतो. अशा गाडीच्या कार्बोरेटरची खालची वाटी उघडून पाहिली तर तळाशी लालसर गाळ, वाटीच्या कडांना पांढरट थर आणि पितळेच्या जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या) तोंडाशी हिरवी बुरशी चढल्यासारखे दिसते. यावरचे उपाय तालुक्यातल्या कोणत्याही मेकॅनिकला जमणारे आहेत. पेट्रोलचा पाइप, वाटीचे पॅकिंग आणि ओ-रिंग बदलून घ्याव्यात, टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये फिल्टर बसवावा, गाडी उभी ठेवण्याआधी टाकी काठोकाठ भरून कॉक बंद करावा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून तिच्यातले पेट्रोल काढून टाकावे. गाडी गरम झाल्यावरही इंजिन अडखळत असेल, तर मोठा जेट घालण्याची घाई न करता आधी जेट साफ करून घ्यावा.

पार्ट मिळत नाहीत, हा दावा करणाऱ्यांनी इम्पल्सचे इंजिन कोणते आहे हे पाहिलेले दिसत नाही. तिचे 149.2 सीसीचे इंजिन हिरोच्याच हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीम या गाड्यांच्या घराण्यातले आहे आणि त्या गाड्या आपल्याकडे अजूनही भरपूर धावतात. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, टायमिंग चेन यांसाठी अडून राहावे लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी नसतील तर नागपुरातून येतात. रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन तर 2016 पासून 2023 पर्यंत बनत होती, तिच्याबाबत ही तक्रार मुळातच लागू नाही. इम्पल्सच्या बाबतीत खरोखर अवघड आहेत ते टाकी, प्लास्टिकची बाजूची पाने आणि पुढच्या शॉकअपच्या दांड्या. म्हणून घेताना इंजिनाच्या आवाजापेक्षा या वस्तू शाबूत आहेत की नाहीत हे आधी पाहावे. दांडीवर नख फिरवून खड्डे लागतात का ते तपासावे, कारण खड्डे असले की ऑइल सील कितीही वेळा बदलले तरी तेल गळतच राहते.

उन्हाचा मुद्दा मला सर्वांत कमकुवत वाटतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो हे खरे, पण चालू इंजिनाचे डोके मुळातच शंभर अंशांच्या बरेच वर असते आणि बाहेरच्या चार-पाच अंशांनी ते जाम होत नाही. ते जाम होते तेल कमी पडल्यामुळे आणि फिनांमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये) वाळलेल्या काळ्या मातीमुळे, कारण ती माती हवा आत जाऊ देत नाही. चिखलातून आल्यावर माती ओली असतानाच धुवावी; वाळली की ती खरवडूनही निघत नाही. धुताना प्रेशरच्या पाण्याचा झोत चाकाच्या बेअरिंगवर, स्विंग आर्मच्या बुशांवर आणि हँडलच्या कोन सेटवर मारू नये, नाहीतर आतले ग्रीस निघून पाणी शिरते. व्हॉल्व्हचे अंतर फिलर गेजनेच (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांनी) तपासावे. थोडा टकटक आवाज करणारे टॅपेट फारसे घातक नसतात. अंतर मिटून गप्प झालेला व्हॉल्व्ह मात्र बसकणीवर नीट टेकत नाही आणि जळतो.

संदेशात नसलेली, पण या गाड्यांना खरोखर मारणारी एक गोष्ट म्हणजे जास्त ताणलेली चेन. लांब शॉकअप दाबला गेला की चेन आणखी ताठ होते, म्हणून या गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त ढिलाई लागते. रोज साध्या गाड्या हाताळणारा मेकॅनिक सवयीने चेन घट्ट करून देतो आणि पुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग खराब होते. ढिलाईचे माप कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते त्याला दाखवावे आणि गाडीवर माणूस बसवून चेन पुन्हा तपासायला सांगावे.

राहिला एबीएसचा मुद्दा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ते नाही आणि नंतर बसवताही येत नाही. ज्याचा बहुतांश प्रवास नागपूर-अमरावतीसारख्या महामार्गावर ट्रकांच्या गर्दीतून होतो, त्याने एबीएस असलेली गाडीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला मुख्यतः पांदण, धुरा आणि मुरमाचा रस्ता ओलांडून वावरात किंवा बाजाराच्या गावी जायचे आहे, त्याने चांगले टायर, नवे ब्रेक शू आणि बदललेले ब्रेक ऑइल यांवर पैसे खर्च करून जुनी गाडी निर्धास्तपणे चालवावी.